नमुना तयार आहे, अनुदानही मिळू शकेल. पण ऑर्डरपर्यंत कसे पोहोचावे?

अंबडची_यंत्रशाळा (धागाकर्ता)

सर्व सभासदांस नमस्कार.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा बावीस माणसांचा कारखाना आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेल्या या कामात आज तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रे) आहेत आणि ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सला माल पुरवणाऱ्या मोठ्या पुरवठादारांचे जॉबवर्क आम्ही करतो. ड्रॉइंग त्यांचे, मटेरियल त्यांचे, टॉलरन्स त्यांचा आणि दरही बहुतेक वेळा त्यांचाच. काम प्रतिष्ठेचे आहे, परंतु पंधरा वर्षे विमानाचे भाग बनवूनही आमचे स्वतःचे म्हणावे असे एकही उत्पादन नाही, ही गोष्ट मला अलीकडे फार लागते.

म्हणून गेल्या दोन वर्षांत आम्ही एक इलेक्ट्रोमेकॅनिकल ॲक्ट्युएटर तयार केला. मानवरहित विमानाच्या पंखावरचे एलेरॉन किंवा शेपटीवरचा रडर, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या, हलवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. मोटर आणि सेन्सर विकत घेतलेले आहेत. गिअर, हाउसिंग आणि जोडणी आमची, तर कंट्रोल सर्किट दोन तरुण अभियंत्यांनी केलेले आहे. टेबलावर तो उत्तम चालतो.

आता आयडेक्स (संरक्षण मंत्रालयाची स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठीची अनुदान योजना) किंवा डीआरडीओचा, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा, टीडीएफ (तंत्रज्ञान विकास निधी) यांपैकी एका योजनेत अर्ज करावा असा विचार आहे. मात्र एका आकडेवारीपाशी मी अडखळलो. फेब्रुवारी 2025 पर्यंत आयडेक्सने 549 समस्या-विधाने, म्हणजे सोडवून हव्या असलेल्या गरजा, खुली केली, त्यांत 619 स्टार्टअप आणि लघुउद्योग सहभागी झाले आणि 430 करार झाले. त्याच सुमारास सरकारने प्रत्यक्ष खरेदीचा जो आकडा सांगितला, तो 43 वस्तूंचा होता, एकूण किंमत 2,400 कोटींहून अधिक. कित्येक करार नवे असतील आणि त्यांची उत्पादने अजून चाचणीत असतील, हे मला समजते. तरीही 430 आणि 43 यांच्यामध्ये आमच्यासारख्याने किती वर्षे आणि किती पैसा धरून ठेवावा लागतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_वायुअभियंता

आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. आपल्याकडची बहुतेक चर्चा अनुदानाच्या रकमेभोवती फिरते आणि खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते.

आधी योजनांची चौकट थोडक्यात सांगतो. आयडेक्सचे उद्घाटन एप्रिल 2018 मध्ये चेन्नईजवळच्या डिफेक्स्पो या संरक्षण-प्रदर्शनात झाले. ती चालवणारी डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन ही ना-नफा कंपनी हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या पैशातून उभी राहिली. सुरुवातीला अनुदानाची कमाल मर्यादा दीड कोटी होती. 2022 मध्ये आयडेक्स प्राइम आल्यावर ती दहा कोटींपर्यंत गेली आणि मार्च 2024 मध्ये सुरू झालेल्या अदिती योजनेत अत्यंत महत्त्वाच्या तंत्रज्ञानांसाठी ती 25 कोटींपर्यंत नेण्यात आली. टीडीएफ ही डीआरडीओची स्वतंत्र योजना असून तिची प्रति प्रकल्प मर्यादा 2022 मध्ये दहा कोटींवरून पन्नास कोटींवर गेली.

माझ्या मते आयडेक्सचे मोल अनुदानापेक्षा खरेदीच्या वाटेत अधिक आहे. समस्या-विधान सैन्यदल स्वतः देते, म्हणजे वस्तू हवी असणारा पहिल्या दिवसापासून समोर असतो. आणि नमुना चाचणीत उतरला तर संरक्षण खरेदी प्रक्रियेत त्यासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. मार्च 2022 मध्ये ही वाट आणखी सोपी करून, गरजेला मंजुरी मिळाल्यापासून करारापर्यंतचा काळ सुमारे 22 आठवड्यांवर आणण्याचे ठरले. पूर्वी याच टप्प्याला वर्षे लागत असत. तेव्हा आपल्या ॲक्ट्युएटरला लागू पडणारे विधान आहे का, हे प्रथम पाहा. विधान नसताना ओढूनताणून अर्ज बसवू नका. आयडेक्समध्ये ओपन चॅलेंजचा मार्गही आहे, पण तेथे आपली वस्तू कोणत्या दलाला आणि का लागेल हे आपल्यालाच पटवून द्यावे लागते.

आता विमानाच्या बाबतीतली विशेष अडचण. रणगाड्यावर बसणाऱ्या किंवा जवानाने पाठीवर नेण्याच्या वस्तूला लष्कराच्या चाचण्या पुरतात. विमानावर बसणाऱ्या वस्तूला उड्डाणयोग्यतेची मान्यता लागते. ती बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था देते आणि गुणवत्तेवर डीजीएक्यूए ही संरक्षण मंत्रालयाची यंत्रणा देखरेख ठेवते. 2021 मध्ये लागू झालेल्या इमटार-21 या नियमावलीत ही सारी प्रक्रिया लिहिलेली आहे. आपल्या सुदैवाने सेमिलॅकचे प्रादेशिक केंद्र, म्हणजे आरसीएमए, नाशिकलाच आहे. अर्जाच्या आधी तेथे जाऊन बोला, ही माझी पहिली सूचना.

सनदी_लेखापाल_पुणे

दादा, मी अशा चार-पाच कंपन्यांचे हिशेब पाहते, म्हणून पैशाची बाजू मांडते.

आयडेक्समध्ये खर्चाचा साधारण अर्धा वाटा अनुदानातून येतो आणि उरलेला अर्धा कंपनीने उभा करायचा असतो. टीडीएफमध्ये हेच अनुदान प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत जाते. कागदावर टीडीएफ सोपा वाटतो, पण तेथे तयार होणाऱ्या बौद्धिक संपदेवर आपल्याबरोबर डीआरडीओचीही मालकी राहते. ‘स्वतःचे म्हणावे असे उत्पादन’ हे आपले शब्द आहेत, म्हणून हे आवर्जून सांगत आहे. काही कंपन्यांना ही संयुक्त मालकी सोयीची पडते, कारण प्रयोगशाळेचे ज्ञान आणि तिची चाचणी-सामग्री बरोबर मिळते. दिघीच्या आर अँड डीई प्रयोगशाळेने आयडियाफोर्ज या मुंबईतल्या तरुण कंपनीबरोबर ‘नेत्र’ ड्रोन विकसित केला, तेव्हा ती कंपनी लहानच होती.

अनुदान एकरकमी येत नाही, टप्प्याटप्प्याने येते. टप्पा पूर्ण झाल्याचा अहवाल जातो, तो तपासला जातो, मग हप्ता सुटतो. आपला खर्च मात्र टप्प्याची वाट पाहत नाही. बेअरिंग, सेन्सर, कनेक्टर यांच्या पुरवठादाराला ॲडव्हान्स द्यावा लागतो, आणि हवाई दर्जाचे गोल कनेक्टर मागवले तर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. दर महिन्याला अभियंत्यांचे पगार आहेतच. हा मधला काळ बहुतेक जण ओव्हरड्राफ्टवर काढतात आणि त्याचे व्याज प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कोणीही लिहीत नाही. माझा साधा आग्रह असा की अर्ज करण्यापूर्वी बारा महिन्यांचा असा तक्ता करावा, ज्यात प्रत्येक हप्ता चार महिने उशिरा येतो असे गृहीत धरलेले असेल. त्या तक्त्यात कारखान्याचा पगार अडत असेल, तर भागीदार शोधावा किंवा प्रकल्पाचा आवाका कमी करावा.

दुसरी गोष्ट प्राप्तिकराची. 2015 च्या वित्त कायद्याने सरकारी अनुदानाला उत्पन्नाच्या व्याख्येत आणले. यंत्रसामग्रीसाठी मिळालेली रक्कम त्या यंत्राच्या किमतीतून वजा केली जाते. बाकीच्या अनुदानावर नीट नियोजन नसेल तर मार्चअखेरीस कर भरायला पैसे नाहीत अशी वेळ येते. प्रकल्पासाठी वेगळे बँक खाते, वेगळी खतावणी आणि कोणता माणूस किती तास या कामावर होता याची रोजची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. आपल्या कारखान्यात एकच व्हीएमसी सकाळी जॉबवर्क आणि दुपारी ॲक्ट्युएटर करत असेल, तर मशिनचे तास वाटून दाखवावे लागतील. तपासणीला येणारा माणूस प्रथम हेच विचारतो.

भोसरीची_वीजपेटी

मी यातून गेलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. योजनेचे आणि कार्यालयांचे नाव येथे लिहीत नाही. कोणावर रोष नाही, पुढच्या माणसाला उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

आमचे उत्पादन म्हणजे मानवरहित विमानातील वीज नियमित करणारी पेटी. विमानावरचा वीजपुरवठा 28 व्होल्टचा म्हणतात, पण मिल-स्टँडर्ड-704 या अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे तो साध्या वापरातही क्षणभर 50 व्होल्टपर्यंत उसळू शकतो आणि पेटीने तो झटका सोसून पुढच्या उपकरणांना स्थिर वीज द्यायची असते. हे आम्ही प्रयोगशाळेत सहज साधले. त्यानंतर कंपन-चाचणी आली.

शेकर टेबलावर, म्हणजे कंपन देणाऱ्या यंत्रावर, पेटी बसवण्यासाठी आम्ही ॲल्युमिनियमचे फिक्स्चर (पेटी पकडून ठेवणारी चौकट) घाईने करून घेतले होते. चाचणी सुरू झाली आणि अकराव्या मिनिटाला आतून खडखड ऐकू आली. टेबल थांबवून झाकण उघडले, तर सर्वात मोठ्या कपॅसिटरचे दोन्ही पाय बोर्डापाशी तुटले होते आणि तो सुटून आत फिरत होता. दोष दुहेरी होता. उभा कपॅसिटर कंपनात डोलतो हे आम्ही ध्यानात घेतले नव्हते, आणि आमच्या फिक्स्चरची स्वतःची अनुनाद-वारंवारता (ज्या कंपनाला वस्तू सर्वाधिक हलते ती) चाचणीच्या पट्ट्यातच येत असल्याने पेटीला ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक हादरा बसत होता. पुढच्या बोर्डात कपॅसिटर आडवा झोपवला, सिलिकॉनने बोर्डाला चिकटवला, फिक्स्चर जाड करून रिकाम्या टेबलावर आधी तपासले. दुसऱ्या खेपेला पेटी सर्व अक्षांत उतरली.

तो दिवस आनंदाचा होता, पण टिकला नाही. आम्ही चाचणी-योजना, म्हणजे क्यूटीपी, मंजूर होण्याआधीच चाचणी उरकली होती आणि त्या वेळी गुणवत्ता-यंत्रणेचा कोणीही साक्षीला नव्हता. अहवाल चांगला असूनही ग्राह्य धरला गेला नाही आणि पूर्ण मालिका, म्हणजे तापमान, आर्द्रता, कंपन, धक्का आणि मिल-स्टँडर्ड-461 ची विद्युतचुंबकीय चाचणी, मंजूर योजनेप्रमाणे पुन्हा करावी लागली. प्रयोगशाळेचे शुल्क दुसऱ्यांदा आम्हीच भरले, कारण एका मालिकेपलीकडचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. चूक आमचीच होती. मात्र पुढे ज्या अधिकाऱ्यांना आमचा प्रकल्प सुरुवातीपासून ठाऊक होता त्यांची बदली झाली, नव्या अधिकाऱ्यांना सारे पहिल्यापासून समजावून सांगण्यात पाच महिने गेले आणि तेवढा काळ आमचा हप्ता अडकला, याचे दुःख अजून आहे.

गाय भाकड असली तरी तिला वैरण घालावीच लागते, तसाच तो काळ होता. आम्ही टिकलो ते कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला मोटारगाड्यांच्या चार्जरचे काम चालू होते म्हणून. म्हणून अंबडच्या मित्रांना माझे कळकळीचे सांगणे आहे की जॉबवर्क सोडू नका. कोणी कितीही म्हणो की पूर्ण लक्ष द्यायचे तर जुने काम बंद करा, ते ऐकू नका.

अंबडची_यंत्रशाळा

आपण एवढे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आमच्या कंट्रोल बोर्डावरही कपॅसिटर उभेच आहेत. आज संध्याकाळी बोर्ड उघडून बसणार आहोत. एक शंका आहे. अमेरिकेत अशीच योजना चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे असे ऐकतो. तेथे हा भाकड काळ कमी असतो का?

डेटनवासी

ओहायोतील डेटन येथे, म्हणजे राइट-पॅटरसन हवाई तळाच्या आणि अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेच्या गावात, मी चाळीसेक माणसांच्या कंपनीत काम करतो. आमच्या कंपनीचा निम्मा व्यवहार याच निधीवर चालतो, म्हणून उत्तर देण्याचा अधिकार घेतो.

लघुउद्योगांना संशोधनासाठी सरकारी पैसा देणाऱ्या येथील योजनेचे नाव एसबीआयआर. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांनी 1977 मध्ये तिचा लहान प्रयोग केला आणि 1982 च्या कायद्याने ती सर्व मोठ्या संशोधन-खात्यांना लागू झाली. तिचे बळ एका कलमात आहे. ज्या खात्याचे बाहेर दिले जाणारे संशोधन-अंदाजपत्रक दहा कोटी डॉलरहून अधिक आहे, त्याने त्यातील ठरावीक टक्का लघुउद्योगांसाठी बाजूला काढलाच पाहिजे. हा टक्का सुरुवातीला 0.2 होता, आज 3.2 आहे. खात्याच्या मर्जीवर हा पैसा अवलंबून नसतो. भारतात 2022-23 च्या अंदाजपत्रकात संरक्षण संशोधनाचा 25 टक्के हिस्सा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला करण्याची घोषणा झाली, ती याच दिशेची आहे. पण घोषणा आणि कायद्याने बांधलेला टक्का यांत फरक आहे.

पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य आहे का हे काही महिन्यांत दाखवायचे, दुसऱ्यात साधारण दोन वर्षांत नमुना करायचा. कंपनीने बरोबरीचा वाटा घालण्याची सक्ती या दोन मूळ टप्प्यांत नाही, ही आयडेक्सच्या तुलनेत मोठी सवलत आहे. तिसऱ्या टप्प्यात योजनेचा पैसा संपतो, मात्र सरकारी खाते नव्याने स्पर्धा न लावता थेट त्याच कंपनीशी खरेदीचा करार करू शकते. शिवाय कंपनीच्या तांत्रिक माहितीला वीस वर्षे संरक्षण असते, म्हणजे सरकार आमचे ड्रॉइंग उचलून मोठ्या कंपनीला देऊ शकत नाही. माझ्या दृष्टीने साऱ्या योजनेत हेच कलम सर्वात मोलाचे आहे.

तरीही भाकड काळ येथेही आहे. अनेक कंपन्या एकामागून एक पहिले-दुसरे टप्पे जिंकत राहतात आणि एकही वस्तू विमानावर चढत नाही. सॅब्रिना हॉवेल या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हवाई दलाच्या याच निधीचा अभ्यास मांडला. अधिकाऱ्यांनी बारीकसारीक लिहिलेल्या जुन्या पद्धतीच्या विषयांत जिंकल्याने कंपनीच्या पुढील वाटचालीवर मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. 2018 पासून सुरू केलेल्या खुल्या विषयांत, जेथे कंपनीच स्वतःची कल्पना घेऊन येते, जिंकणाऱ्यांना बाहेरची गुंतवणूक आणि योजनेबाहेरची लष्करी कंत्राटे मिळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढली. हवाई दलाने वेगही दाखवला आहे. मार्च 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या पिच-डेमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समोर येऊन कल्पना मांडण्याच्या कार्यक्रमात, एकाच दिवसात 51 करार झाले आणि पैसे सरकारी क्रेडिट कार्डाने काही मिनिटांत दिले गेले.

आणि कायद्याचा आधार असला तरी तो कायम नसतो. या योजनेची मुदत 30 सप्टेंबर 2025 रोजी संपली आणि संसदेने वेळेत नूतनीकरण न केल्याने नवे करार थांबले. आमच्या कंपनीत त्या आठवड्यात पुढच्या सहा महिन्यांचे पगार कुठून द्यायचे यावर बैठक झाली. चाळीस वर्षांची योजना एका रात्रीत थांबू शकते, हे मी त्या दिवशी पाहिले.

निवृत्त_वायुअभियंता

डेटनच्या मित्रांनी फार उपयुक्त माहिती दिली. एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. खुल्या विषयांचा लाभ तेथे दिसला, कारण तेथे खासगी गुंतवणूकदार आणि व्यावसायिक बाजार दोन्ही मोठे आहेत. ॲक्ट्युएटरसारख्या वस्तूला आपल्याकडे ग्राहक मोजकेच असतात. येथे हवाई दलाने नेमके विधान दिले तर लहान कंपनीची दिशा चुकत नाही. आपल्या हवाई दलाने 2018 मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या नावाने ड्रोन-थव्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा गरज स्पष्ट होती: संकटकाळी मदत पोहोचवणारा, एकमेकांशी समन्वय राखणारा थवा. त्या स्पर्धेतून पुढे आलेल्या कंपन्यांना प्रत्यक्ष ऑर्डरही मिळाली.

धीर किती लागतो याचे उदाहरण वर आलेलेच आहे. आयडियाफोर्जची स्थापना 2007 ची. तिच्या स्विच ड्रोनसाठी लष्कराची सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर जानेवारी 2021 मध्ये आली. मधल्या चौदा वर्षांत ती पोलीस आणि निमलष्करी दलांना लहान ड्रोन विकत राहिली.

सनदी_लेखापाल_पुणे

वरील उदाहरणाला माझे पूर्ण अनुमोदन. दादा, आपल्या ॲक्ट्युएटरला लष्कराबाहेर ग्राहक आहे का? शेतीच्या किंवा नकाशे काढणाऱ्या ड्रोनच्या उत्पादकांना तीच वस्तू साध्या कनेक्टरसह, उड्डाणयोग्यतेच्या कागदाशिवाय विकता आली, तर माझा बारा महिन्यांचा तक्ता एकदम बदलेल.

अंबडची_यंत्रशाळा

गेल्या दहा दिवसांत जे झाले ते कळवतो.

आरसीएमएच्या कार्यालयात आधी वेळ मागून गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि दोन गोष्टी लगेच सांगितल्या. एक, ॲक्ट्युएटर अडकला तर विमानाचे काय होईल याचे विश्लेषण रेखांकनाबरोबरच हवे, नंतर जोडलेले चालणार नाही. दुसरी, कंट्रोल सर्किटातील सॉफ्टवेअरची नोंद पहिल्या ओळीपासून ठेवायला हवी होती. आमच्या दोन अभियंत्यांनी ती ठेवलेली नाही, तेव्हा सॉफ्टवेअर जवळजवळ नव्याने लिहावे लागेल. ऐकून मन खट्टू झाले, पण हे करारानंतर कळले असते तर पहिलाच टप्पा बुडाला असता.

ताईंचा तक्ता केला. चार महिने उशिराचे गृहीत धरल्यावर सातव्या महिन्यात आमचे खाते उणे जाते. म्हणून या फेरीत अर्ज करत नाही. येत्या सहा महिन्यांत सॉफ्टवेअर नोंदीसह पुन्हा लिहायचे, क्यूटीपीचा मसुदा तयार करायचा आणि साध्या रूपातील पन्नास ॲक्ट्युएटर नकाशे काढणाऱ्या ड्रोनच्या एका उत्पादकाला द्यायचे ठरले आहे. त्यांनी पाच नगांची ऑर्डर कालच पाठवली.

भोसरीच्या मित्रांना एक विनंती आहे. आपले जाड केलेले फिक्स्चर पाहायला पुढच्या शनिवारी आलो तर चालेल का? आमचा मोठा मुलगा बरोबर असेल. आमचे फिक्स्चर तोच करणार आहे.

भोसरीची_वीजपेटी

अवश्य या. तुटलेला कपॅसिटरही जपून ठेवला आहे, तोही दाखवतो. येताना आपला ॲक्ट्युएटर घेऊन या, रिकाम्या टेबलावर त्याची अनुनाद-वारंवारता पाहू. ती चाचणी अधिकृत नसेल, पण गिअरच्या हाउसिंगला कुठे बरगडी वाढवायला हवी ते मुलाला तेथेच डोळ्यांनी दिसेल.